संख्येचे गुणधर्म सांगणारी सेवा : पंधरा अंकांपर्यंत निर्धोक

कोणतीही पूर्ण संख्या दिली की तिचे मूळ अवयव, विभाजक, त्यांची बेरीज आणि द्विमान पद्धतीतील रूप मांडून देणारी एक ऑनलाइन सेवा मी काही आठवडे वापरून पाहिली. सुरुवात ४,२९,४९,६७,२९७ या संख्येने केली, कारण तिचे उत्तर आधीच ठाऊक होते. दोनचा बत्तिसावा घात अधिक एक अशी ही संख्या मूळ असावी, असे फर्मा या गणितज्ञाला वाटत होते. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये दाखवले. सेवेने ६४१ आणि ६७,००,४१७ हे मूळ अवयव तत्काळ दिले. चार विभाजकांची ४,३०,१६,६८,३५६ ही बेरीजही अचूक निघाली.

मला सर्वांत आवडला तो वर्गांच्या बेरजेचा भाग. ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग हे रूप संख्येच्या घडणीतच आहे; पण ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीजही नेमकी तेवढीच येते. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात फार तर एकाच प्रकारे लिहिता येत असल्यामुळे, हे दुसरे रूप दिसताच, एकही अवयव न शोधता, संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध होते. सेवा मात्र दोन्ही रूपे एकाखाली एक ठेवून गप्प बसते. उलट क्रमाने लिहिलेली संख्या वगैरे तपशील करमणुकीपुरते ठीक आहेत.

खरा दोष मोठ्या संख्यांत दिसला. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९३ ही संख्या दिल्यावर ती सम असून दोनचा त्रेपन्नावा घात आहे, असे उत्तर आले. शेवटी ३ असलेली संख्या सम कशी असेल? तिच्या अंकांची बेरीज ७८ होते, म्हणजे ३ ने भाग जातो हे तोंडीही कळते. तिचे खरे मूळ अवयव ३, १०७ आणि २,८०,५९,८१,०७,६२,४३३ हे आहेत. सेवा आतून ६४ बिटांची (द्विमान अंकांची) फ्लोटिंग पॉइंट संख्या, म्हणजे ठरावीक जागेत बसवलेली आणि म्हणून कधी कधी अंदाजे राहणारी संख्या, वापरत असावी, कारण त्या साच्यात ५३ बिटांपलीकडचा नेमकेपणा मावत नाही आणि संख्या मुकाट्याने शेजारच्या संख्येवर सरकते. पानाच्या माथ्यावर मात्र आपण दिलेलीच संख्या झळकत राहते, हे अधिक घातक आहे.

मग मुद्दाम दोनचा सदुसष्टावा घात वजा एक, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७, ही संख्या दिली. ती मूळ नाही हे ल्युका या गणितज्ञाने १८७६ मध्ये सिद्ध केले होते, तरी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे अवयव गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. या सेवेने त्या जागी सदुसष्ट वेळा २ लिहून दिले. कितीही अंकांची संख्या नेमकी हाताळणारी साधने आज सहज मिळतात. ती वापरायची नसतील, तर पंधरा अंकांच्या मर्यादेपुढची संख्या स्वीकारण्यास सेवेने स्पष्ट नकार द्यावा.