उघडलेली वाइन टिकवण्यासाठी काय घ्यावे: पंप, फवारा, सुई की छोटी बाटली?

आमच्या घरात वाइन पिणारी माणसे दोनच, आणि तीही आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी. ७५० मिलिलिटरची बाटली उघडली की त्या रात्री जेमतेम निम्मी संपते. उरलेली निम्मी चार-पाच दिवस पिण्यालायक कशी ठेवायची, या एका प्रश्नापायी गेल्या दोन वर्षांत मी एक पंप घेतला, मग दुसरा घेतला, वायूचा फवारा घेतला आणि एका मित्राकडचे महागडे सुईचे यंत्रही महिनाभर वापरून पाहिले. नाशिकमध्ये राहत असल्यामुळे बाटल्यांची टंचाई कधी भासली नाही; टंचाई भासली ती विकत घेतलेल्या साधनांविषयी कोणी सरळ बोलण्याची.

चिरलेले वांगे पाण्यात टाकले नाही तर काळे पडते, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. वाइनमध्ये घडणारी क्रिया नेमकी तीच नसली तरी वैरी तोच, म्हणजे हवेतला ऑक्सिजन. त्याच्यामुळे अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि वाइनला डागाळलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो; पुढे जिवाणूंना हवा मिळत राहिली तर तिचा सिरका होतो. सर्वांत आधी जातो तो सुगंध. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या ताज्या बाटलीतून जो पिकल्या पेरूसारखा वास येतो, तो देणारी गंधकयुक्त द्रव्ये ऑक्सिजनपुढे फार काळ तग धरत नाहीत. म्हणून वाइन आंबट झाली नाही एवढ्यावर समाधान मानू नये. ती तोवर नुसतीच मुकी झालेली असू शकते.

बाजारात सर्वाधिक खपणारे साधन म्हणजे हातपंप. नेदरलँड्समधील व्हॅक्यू व्हिन या कंपनीने तो १९८० च्या दशकात आणला आणि आज त्याच्या असंख्य नकला मिळतात. बाटलीच्या तोंडात खाच असलेले रबरी बूच बसवायचे, त्यावर पंप धरून दहा-पंधरा वेळा दांडा ओढायचा, आणि ‘टक्’ असा आवाज आला की थांबायचे. करायला सोपे, ऐकायला समाधानकारक, आणि किंमत साध्या एखाद-दुसऱ्या बाटलीएवढी. माझा पहिला पंप मात्र एक स्वस्त नक्कल होता. त्याचे बूच रात्री घट्ट वाटे, पण सकाळी बाजूला दाबले तर आत हवा शिरल्याचा ‘फुस्’ आवाजच येत नसे. म्हणजे निर्वात पोकळी केव्हाच निघून गेलेली असे. विक्रेत्याने बूच बदलून दिले, तेही तसेच निघाले. पंप घेणाऱ्याने ही सकाळची परीक्षा पहिल्याच आठवड्यात अवश्य घ्यावी.

दुसरा पंप चांगला होता, आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहिला. निम्मी बाटली रिकामी असेल तर आत सुमारे ३७५ मिलिलिटर हवा असते आणि तिच्यात साधारण १०० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. चांगला हातपंप यातली तीन-चतुर्थांश हवा बाहेर काढतो असे धरले, तरी पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन आत उरतोच. खाली उरलेली वाइन एका वेळी जेमतेम तीन मिलिग्रॅम विरघळवून घेऊ शकते. ती विरघळलेला ऑक्सिजन वापरत जाते आणि वरचा साठा तिला पुरवठा करत राहतो. पंपाने काम मंदावते, थांबत नाही. शिवाय पेला ओतताना जो ऑक्सिजन आधीच विरघळला, त्याला पंप हातही लावू शकत नाही.

हे कागदावरचे गणित तपासावे म्हणून शिराझ या एकाच तांबड्या वाइनच्या तीन बाटल्या आणल्या. एकीतली निम्मी पिऊन तिचेच फिरकीचे झाकण लावले, दुसरीला पंप मारला, आणि तिसरी उघडताक्षणी, पेला भरण्याआधीच, धुऊन वाळवलेल्या ३७५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत नरसाळ्याने काठोकाठ ओतून झाकण घट्ट केले. तिन्ही पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या. मग पत्नीने एकसारखे तीन पेले भरून माझ्यापुढे ठेवले आणि कोणता कुठला ते सांगितले नाही. साधे झाकण आणि पंप यांत मी दोनदा गोंधळलो. छोट्या बाटलीतली वाइन मात्र पहिल्याच घोटाला ओळखली, कारण तिला अजून काळ्या मिरीचा वास होता. तीन बाटल्यांचा खेळ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पण त्यानंतर पंप ड्रॉवरमध्ये गेला तो अद्याप बाहेर आलेला नाही. झाकण आणि पंप यांत फार अंतर पडले नाही, याचे श्रेय मी थंडीला देतो. तापमान उतरले की या सगळ्या क्रिया मंदावतात, त्यामुळे तांबडी वाइनही उघडल्यावर फ्रिजमध्येच, आणि उभीच ठेवावी. आडवी ठेवल्यास हवेला भिडणारा पृष्ठभाग उगाच वाढतो.

वायूच्या फवाऱ्यामागचे तत्त्व आपल्याला नवे नाही. लोणच्यावर तेलाचा थर ठेवतात तसाच वाइनवर आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचा थर पसरवायचा. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे ३८ टक्के जड असल्याने तो तळाशी बसतो, असे जाहिरातीत सांगतात. पण तेल जागेवर राहते, वायू हळूहळू मिसळतो. म्हणून नळीने फवारा मारताच झाकण लावावे आणि बाटली हलवू नये. हे नीट केले तर निकाल पंपापेक्षा निश्चित चांगला येतो. डबा हातात घेतला की रिकामाच वाटतो आणि फसल्यासारखे होते, पण वायूचे वजन ते काय असणार! माझी तक्रार वेगळी आहे: डब्यात किती उरले ते कळतच नाही, आणि तो संपतो तेव्हा नेमकी चांगली बाटली उघडलेली असते.

सुईच्या यंत्राबद्दल आदराने बोलले पाहिजे. कोराव्हिन हे वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या ग्रेग लॅम्ब्रेक्ट या अमेरिकी गृहस्थाच्या डोक्यातून निघाले आणि २०१३ मध्ये बाजारात आले. बूच न काढता त्यातून बारीक सुई आत जाते, आर्गॉनच्या दाबाने वाइन पेल्यात येते, आणि सुई काढली की नैसर्गिक बूच आपल्या लवचिकपणाने छिद्र मिटवते. बाटली खऱ्या अर्थाने उघडलीच जात नाही, त्यामुळे इथे दिवसांचा नव्हे, महिन्यांचा हिशेब चालतो. मात्र कृत्रिम बूच असे मिटत नाही, आणि फिरकीच्या झाकणासाठी कंपनीचे वेगळे झाकण लागते. आपल्याकडच्या रोजच्या कितीतरी बाटल्या फिरकीच्याच असतात. यंत्रात बसणाऱ्या आर्गॉनच्या एका कॅप्सूलमध्ये फार तर पंधरा पेले निघतात, आणि अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला ‘येताना कॅप्सूल घेऊन ये’ असे सांगण्याचीही सोय नाही, कारण दाबाखालचा वायू तो विमानात आणू शकत नाही. दहा-पंधरा वर्षे जपलेल्या बाटल्या ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. हजाराच्या आतल्या बाटलीसाठी ते घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

फेसाळ वाइनला पंप लावू नये; तो बुडबुडेच ओढून घेतो. तिच्यासाठी कडी लावून दाबून बसणारे स्प्रिंगचे झाकण मिळते, ते स्वस्त आहे आणि दोन दिवस काम देते. बाटलीत चमचा अडकवण्याच्या युक्तीने काही होत नाही.

छोट्या बाटलीचे पथ्य एवढेच की ती गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी, साबणाचा वास राहू देऊ नये, आणि ओतताना धार काचेवरून सोडावी, म्हणजे हवा कमी मिसळते. तांबडी वाइन पिण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढावी. नाशिकच्या एप्रिलमध्ये पंधरा मिनिटे पुरतात.