किट कारच्या स्पीडोमीटरसाठी प्रॉक्झिमिटी सेन्सर: वापरानंतरचे मत

मोटरसायकलचे इंजिन बसवलेल्या किट कारला (सुटे भाग जुळवून स्वतः बांधलेल्या गाडीला) स्पीडोमीटर लावायचा म्हटले की वेग नेमका कुठून मोजायचा, हा पहिला प्रश्न असतो. मोटरसायकलवर हे काम बहुधा पुढच्या चाकाजवळचा सेन्सर करतो. चारचाकीच्या सांगाड्यात ते चाकही नसते आणि टायरचा तो घेरही नसतो, त्यामुळे मूळचा मीटर जोडला तरी त्यावरचा आकडा भरवशाचा राहत नाही. जालन्यात जुळवलेल्या आमच्या गाडीसाठी एक युनिव्हर्सल डिजिटल मीटर मागवला होता, पण सांगण्यासारखी वस्तू आहे ती त्याला जोडलेला, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळील एका इलेक्ट्रिकल दुकानातून आणलेला 12 मिमी जाडीचा इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सर, म्हणजे जवळ आलेला धातू न शिवता ओळखणारा सेन्सर.

मीटरसोबत आलेला चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की संपर्क जुळणारा स्विच) आम्ही लवकरच काढून ठेवला. चेनच्या हादऱ्यांनी स्विचचे संपर्क थरथरतात आणि आकडा उड्या मारतो. शिवाय वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस चुंबकाला दाढीसारखा चिकटतो. प्रॉक्झिमिटी सेन्सरला चुंबक लागत नाही, समोरून लोखंड गेले की पुरे. आमच्याकडे तो मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) चार बोल्टांची डोकी मोजतो. ॲक्सल हाताने सावकाश फिरवला की प्रत्येक बोल्टाला सेन्सरच्या पाठीवरचा छोटा लाल दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे मीटर जोडण्याआधीच बसवणी बरोबर आहे की नाही ते कळते. काळ्या मातीचा चिखल किंवा चेनचे ग्रीस यांचा त्याच्या कामावर परिणाम होत नाही.

वेष्टनावर लिहिलेले धातू ओळखण्याचे 4 मिमी अंतर साध्या पोलादाच्या पट्टीसाठी असते. स्टेनलेस बोल्ट असतील तर ते कमी होते, म्हणून फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) लावून सुमारे 2 मिमी फट ठेवून सेन्सरचे दोन्ही चेक नट आवळणे योग्य. सेन्सरची पट्टी चासीला वेल्ड करण्याचा मोह मात्र टाळावा. चेन ताणताना ॲक्सल बेअरिंगच्या घरासह मागे सरकतो आणि चासीवरचा सेन्सर जागीच राहतो. पट्टी बेअरिंगच्या घरालाच बोल्टाने धरली तर फट कायम राहते.

जोडणी सोपी आहे: तपकिरी वायर धन, निळी ऋण आणि काळी सिग्नलची. खरेदी करताना सेन्सर एनपीएन (सिग्नलची वायर ऋणाशी जोडणारा) की पीएनपी (धनाशी जोडणारा) हे मात्र विचारून घ्यावे, कारण पीएनपी प्रकार सिग्नलवर बॅटरीचे 12 व्होल्ट देतो आणि 5 व्होल्टचा मीटर त्याने जळू शकतो. आमच्या दुकानदाराने सेन्सर टेबलावरच पुरवठ्याला जोडून, पाना समोर धरून चालवून दाखवला. ही सेवा ऑनलाइन मिळत नाही. सिग्नलची वायर इग्निशन कॉइलपासून दूर, शील्ड केबलमधून (धातूच्या जाळीचे आवरण असलेल्या वायरमधून) नेली की इंजिनाचे फेरे वाढवतानाही आकडा स्थिर राहतो.

मीटरबद्दल असे चांगले बोलवत नाही. त्याच्या पुस्तिकेत सेटिंगचा क्रम अर्धवट छापला आहे आणि दुपारच्या उन्हात पडदा वाचता येत नाही. हिशेब आपणच करावा लागतो: चालक बसलेला असताना टायरला खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली, तेव्हा घेर 1.6 मीटर भरला. म्हणजे किलोमीटरला 625 फेरे आणि चार बोल्टांचे 2500 सिग्नल. ताशी 60 किमी वेगाला सेकंदाला जेमतेम 42 सिग्नल होतात. कारखान्यातील यंत्रांवर चालणाऱ्या सेन्सरला ते किरकोळच. हे आकडे भरल्यावर मोकळ्या मैदानात, सरळ आणि एकसारख्या वेगात, मोबाइलच्या जीपीएसशी ताळा जुळला.

काही शे रुपयांच्या या सेन्सरची मर्यादा उष्णतेची आहे. बहुतेक प्रॉक्झिमिटी सेन्सर 70 अंश सेल्सियसपर्यंतच चालतात, आणि मराठवाड्यातील मे महिन्यात सावलीतच 42 अंश असतात. सायलेन्सर ॲक्सलला खेटून जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा, अन्यथा सेन्सर पुढच्या हबजवळ बसवावा. तिथेही चाकाचे बोल्ट मोजता येतात, फक्त वायर लांब घ्यावी लागते.