आठ महिने, पाच कप्पे आणि जर्मनची द्वितीया: कार्डांच्या डब्याचा अनुभव

जर्मनची ए-वन ही अगदी पहिली पातळी संपली तेव्हा सर्वनामांचा तक्ता मला तोंडपाठ होता. इश-मिश (मी-मला), डू-डिश (तू-तुला), एअर-ईन (तो-त्याला), झी-झी (ती-तिला), एस-एस (ते-त्याला), वीअर-उन्स (आम्ही-आम्हाला), ईअर-ऑइश (तुम्ही-तुम्हाला). पाढ्यासारखा घडाघडा म्हणायचो. पण ‘मी त्याला ओळखतो’ एवढं साधं वाक्य बोलायची वेळ आली की द्वितीयेतलं ‘ईन’ म्हणावं की चतुर्थीतलं ‘ईम’, इथंच थांबायला व्हायचं. म्हणून जर्मन विज्ञान-पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली कार्डांच्या डब्याची पद्धत घेतली. डब्याला पाच कप्पे असतात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात येतं. पहिला कप्पा मी रोज उघडतो, पुढचे क्रमाने जास्त दिवसांनी.

सुरुवातीचे दोन महिने जवळजवळ वाया गेले. मी कार्डाच्या एका बाजूला ‘मला’ आणि दुसरीकडे ‘मिश’ लिहिलं होतं. कार्डं भराभर पाचव्या कप्प्यात पोचली, बोलणं मात्र होतं तिथंच राहिलं. खरी अडचण आपल्या ‘ला’मध्ये आहे. मराठी व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय स, ला, ते हेच. त्यामुळे ‘मला’ म्हणजे द्वितीयेतलं ‘मिश’ही असू शकतं आणि चतुर्थीतलं ‘मिअर’ही. सुटं कार्ड यातलं काहीच शिकवत नाही, कारण निर्णय क्रियापद घेतं.

मग सगळी कार्डं नव्याने लिहिली. प्रत्येकावर पूर्ण मराठी वाक्य, आणि उत्तर मोठ्याने पूर्ण जर्मन वाक्यात द्यायचं. क्रियापदांच्या जोड्याही लावल्या. ‘मी त्याला विचारतो’ म्हणजे ‘इश फ्रागे ईन’, द्वितीया. ‘मी त्याला उत्तर देतो’ म्हणजे ‘इश आन्टवोर्टे ईम’, चतुर्थी. ‘मी त्याला मदत करतो’ हेही ‘ईम’. ‘मी तुला फोन करतो’ मात्र ‘इश रूफे डिश आन’, पुन्हा द्वितीया. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना ‘माणवकं पन्थानं पृच्छति’ आठवत असेल: ज्याला विचारायचं तो तिथेही द्वितीयेत. ‘फ्रागेन’ आणि ‘प्रच्छ्’ एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत हे कळल्यावर ते कार्ड पुन्हा कधी चुकलं नाही. ‘उन्स’ आणि ‘ऑइश’ दोन्ही विभक्तींत सारखेच राहतात, त्यांच्यासाठी वेगळी मेहनत लागली नाही.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो निर्जीव वस्तूंच्या कार्डांचा. आपण ‘किल्ली शोधतोय’ म्हणतो, ‘किल्लीला’ म्हणत नाही, म्हणून तिथे द्वितीया आहे हे लक्षातच येत नाही. शिवाय किल्ली आपल्याकडे ‘ती’, तर जर्मनमध्ये ‘डेअर श्ल्युसेल’ पुल्लिंगी. म्हणजे ‘इश झूखे ईन’. खुर्चीचंही तसंच: ‘डेअर श्टूल’, म्हणून ‘ईन’. उलट सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, ‘डी झोने’, म्हणून ‘इश झेए झी’. मुलगी, ‘डास मेडशेन’, व्याकरणाने नपुंसकलिंगी. अशी साठेक कार्डं केली. त्यांनी मला एक सवय लावली: सर्वनाम तोंडात येण्याआधी मनात ते नाम आर्टिकलसकट, म्हणजे आधीच्या ‘डेअर’, ‘डी’ किंवा ‘डास’सकट, उभं करायचं. रूप बदलतं ते एकवचनी पुल्लिंगातच, ‘डेअर’चा ‘डेन’, ‘एअर’चा ‘ईन’, त्यामुळे लिंग बरोबर असलं की अर्धं काम झालेलं असतं.

फ्युअर (साठी), ओने (शिवाय), डुर्श (मधून), गेगेन (विरुद्ध), उम (भोवती) या अव्ययांपुढे नेहमी द्वितीया येते, ती कार्डं आठवड्याभरात पक्की झाली. एवढंच की वस्तूबद्दल बोलताना ‘फ्युअर’नंतर सर्वनाम टाळून ‘डाफ्युअर’ (त्यासाठी) म्हणतात. ते मी वेगळ्या कार्डावर लिहिलं आहे.

डब्याच्या मर्यादाही आहेत. कार्ड ऐकायला शिकवत नाही. भरभर बोलताना ‘ईन’ आणि ‘ईम’ जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्यासाठी मी वाक्यं रेकॉर्ड करून महिनाभर नुसती ऐकली. ‘झी झीट झी’ यासारखं वाक्यही कार्डावर निम्मंच कळतं: क्रियापदाच्या रूपावरून पाहणारी एकटी ‘ती’ आहे हे समजतं, पण ती तिला पाहते, त्यांना पाहते की तुम्हाला पाहते, हे ऐकताना संदर्भच सांगतो. आणि कार्डं दर वेळी पिसलीच पाहिजेत, नाहीतर आपण उत्तराऐवजी त्यांचा क्रम पाठ करतो.

आता रोजची पंधरा मिनिटं पुरतात. ‘ईन’ न अडखळता येतं, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. पहिल्या कप्प्यात सध्या अकराच कार्डं उरलीत, आणि बहुतेक एकाच प्रकारची: दोन्ही सर्वनामं एकत्र आली की द्वितीया आधी, ‘इश गेबे एस ईम’. मराठीत आपण ‘मी त्याला ते देतो’ म्हणतो, आणि जीभ अजून त्याच क्रमाने जाते.