स्पीड पोस्ट : रस्ता बरा, दार अवघड

टपाल खात्याची स्पीड पोस्ट सेवा १९८६ पासून सुरू आहे. शहराशहरांमधला तिचा प्रवास आज बऱ्यापैकी भरवशाचा आहे. घोळ होतो तो शेवटच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये. पाकीट वितरण करणाऱ्या पोस्टात वेळेवर उतरतं, सकाळी पोस्टमनच्या पिशवीतही जातं आणि संध्याकाळी ‘दार बंद’ असा शेरा घेऊन परत येतं. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः त्या शेवटच्या टप्प्याचं आहे.

आधी बदललेले नियम, कारण काउंटरवर अजूनही लोक ‘रजिस्टर एडी’ मागतात. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून कागदपत्रांचे दरही बदलले. ५० ग्रॅमपर्यंत त्याच शहरात १९ रुपये आणि शहराबाहेर देशभर कुठेही ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमला शहरात २४, दोनशे किलोमीटरपर्यंत ५९ आणि दोन हजार किलोमीटरपलीकडे ७७. यावर १८ टक्के जीएसटी. नोंदणी हवी असेल तर ५ रुपये जादा, ओटीपी दाखवूनच बटवडा हवा असेल तर आणखी ५. म्हणजे पुण्याहून नागपूरला साधं पाकीट दोन्ही सोयींसह सुमारे ६७ रुपयांत जातं. विद्यार्थ्यांना दरात १० टक्के सवलत आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळेलच असं धरून चालू नका.

या दोन सोयी सरसकट घेऊ नयेत. नोंदणी केली की पाकीट फक्त पत्त्यावर नाव असलेल्या माणसाला किंवा त्याने अधिकार दिलेल्याला मिळतं. कायदेशीर नोटीस, मूळ दाखले, करारनामा यांसाठी हे उत्तम. पण घेणारा सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परतणारा असेल, तर पोस्टमन येतो तेव्हा तो घरी नसणार हे ठरलेलंच आहे. अशा वेळी आपणच पैसे भरून फेऱ्या वाढवून घेतो. ओटीपीचं जरा सोपं आहे. घरी जो असेल त्याला फोनवरून आकडा सांगता येतो. मात्र पाकिटावर आणि काउंटरवरच्या नोंदीत घेणाऱ्याचाच मोबाइल नंबर हवा. पाठवणाऱ्याने सवयीने स्वतःचाच नंबर दिला की सगळं अडतं.

आता ‘दार बंद’. प्रत्येक पोस्टमनला ठरलेला भाग असतो, त्याला बीट म्हणतात. नेहमीचा पोस्टमन रजेवर गेला की त्याची बीट शेजारच्या पोस्टमनवर पडते किंवा बदली माणूस येतो. त्याला ‘साई निवास, गणपती मंदिराजवळ’ यातून काहीच कळत नाही, कारण प्रत्येक पेठेत साई निवास आहे आणि गणपती मंदिर तर गल्लीगणिक. फेरी पुरी झाली नाही तरी परत आणलेल्या प्रत्येक पाकिटाला काहीतरी कारण लावावंच लागतं, आणि घरी कोणी नव्हतं हे कारण सर्वांत सोयीचं. खाजगी कुरिअरची मुलंही ॲपमध्ये ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ टाकतात ते याच पद्धतीने. तिथे मोबदला बऱ्याचदा पोचलेल्या पाकिटांवर असतो, त्यामुळे लिफ्ट बंद असलेल्या इमारतीतला पाचवा मजला सगळ्यात शेवटी येतो.

म्हणून शेऱ्यांचा अर्थ लावायला शिकावं. ‘दार बंद’ आला आणि घरात माणूस होता, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा, कारण उद्या दुसरा शेरा पडला की पहिला विसरला जातो. ‘अपुरा पत्ता’ असेल तर तक्रारीत वेळ घालवू नका. थेट पोस्टात जाऊन पत्ता सांगा, बहुतेकदा पाकीट तिथेच टेबलावर असतं. ‘डिपॉझिट’ म्हणजे पाकीट पोस्टात ठेवलेलं आहे. साधारण सात दिवसांत नेलं नाही तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. पोस्टमन साधारणपणे दहा-अकराच्या सुमारास बाहेर पडतात, त्याआधी पोचलात तर पाकीट पिशवीत जाण्याआधी हातात पडतं. ओळखपत्र न्या. दुसऱ्याला पाठवत असाल तर सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं लागतील.

कुठल्या पोस्टात जायचं हे ट्रॅकिंगच्या शेवटच्या ओळीत पाहा, घराजवळच्या पोस्टाची पाटी पाहून जाऊ नका. सगळी पोस्टं बटवडा करत नाहीत, काही फक्त काउंटरची आहेत. मोठ्या शहरांत पार्सलसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी वितरण केंद्रं आहेत. पत्र एका इमारतीत आणि पार्सल तिसऱ्याच ठिकाणी, असं सहज होतं.

ट्रॅकिंग ‘नंबर सापडत नाही’ म्हणत असेल तर आधी नंबर नीट वाचा. तो तेरा खुणांचा असतो : सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. नवव्या आकड्यावरून चूक पकडता येते. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणा, बेरीज करा, ११ ने भागा आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करा. उत्तर १० आलं तर ०, ११ आलं तर ५ धरा. उदाहरणार्थ १२३४५६७८ ची बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५ यायला हवा. पावतीवरच्या पुसट छपाईत ३ आणि ८ ची गल्लत झाली की तासभर हेल्पलाइन लावण्यापेक्षा हे बरं. नंबर बरोबर असूनही नोंद दिसत नसेल तर एक दिवस थांबा. ऑगस्ट २०२५ मध्ये खात्याने देशभरची संगणक प्रणाली बदलली आणि ९ तारखेच्या राखीपौर्णिमेच्या तोंडावर काउंटर रखडले. सणाच्या आठवड्यात नवी प्रणाली आणायची हा मुहूर्त कोणी काढला कोण जाणे.

पत्त्यावर सगळ्यात जास्त वजन पिनकोडचं. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेल्या या सहा आकड्यांतले पहिले तीन विभाग सांगतात, शेवटचे तीन वितरण करणारं पोस्ट. नुसतं ‘दादर’ लिहून भागत नाही. पूर्वेला ४०००१४, पश्चिमेला ४०००२८. पुण्यात कोथरूड ४११०३८, शेजारचं कर्वेनगर ४११०५२. रस्ता ओलांडला की पोस्ट बदलतं. चुकीच्या पिनकोडाचं पाकीट चुकीच्या पोस्टात उतरतं, तिथून परत वर्गीकरणाला जातं, आणि एक-दोन दिवस गेलेच. लिहिताना हा क्रम ठेवा : नाव, फ्लॅट आणि मजला, विंगसह इमारतीचं पूर्ण नाव, रस्ता, ओळखीची एकच खूण, भाग, पिनकोड, मोबाइल. सोसायटीचं नाव कागदोपत्री वेगळं आणि लोकांच्या तोंडी वेगळं असेल तर दोन्ही लिहा. २०२५ मध्ये आलेला दहा खुणांचा डिजिपिन चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. हवा तर जोडा, पण त्याच्या जिवावर मजला लिहायचा सोडू नका, कारण तो मजला सांगत नाही.

सोसायटीचीही जबाबदारी आहे. तळमजल्यावर फ्लॅट नंबर आणि सध्या राहणाऱ्यांची आडनावं असलेला फलक हवा. दहा वर्षांपूर्वीच्या भाडेकरूची पाटी असेल तर ‘प्राप्तकर्ता गेला’ हा शेरा पोस्टमनची चूक म्हणता येत नाही. गेटवरच्या वहीत पाकिटाचा नंबर, वेळ आणि घेणाऱ्याची सही, एवढे तीन रकाने पुरेत. ‘दार बंद’च्या तक्रारीत हीच वही पुरावा ठरते : त्या तारखेला पोस्टमन आलाच नव्हता हे तिच्यातून दिसतं.

तक्रारीसाठी टोल फ्री नंबर १८००-२६६-६८६८, किंवा खात्याच्या संकेतस्थळावर नोंद. तिथे भागलं नाही तर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स पोर्टल. तक्रारीत राग ओतू नका. तारीख, शेरा, त्या वेळी घरी कोण होतं आणि वहीतली नोंद, चार ओळी बस. एकेकट्या तक्रारी ‘पाकीट पोचलं’ म्हणून बंद होतात. एकाच इमारतीतल्या सात-आठ पाकिटांचा तक्ता पोस्टमास्तरांना दिला तर दोष बीटचा आहे हे त्यांना नाकारता येत नाही. नुकसानभरपाईकडे मात्र फार डोळे लावू नका. पोस्ट ऑफिस कायदा २०२३ च्या कलम १० नुसार, नियमांत ठरवून दिलेली जबाबदारी सोडली तर खातं जबाबदार नाही. किमती वस्तू असेल तर विमा काढूनच पाठवा.

गावाकडे गणित वेगळं. शाखा पोस्ट दिवसाला चार-पाच तासच चालतं आणि ग्रामीण डाक सेवक बऱ्याचदा काउंटर आणि बटवडा दोन्ही सांभाळतो. तरीही तो माणसाला नावाने ओळखतो, त्यामुळे अपुरा पत्ताही तिथे चालून जातो. खाजगी कुरिअर मात्र ‘तालुक्याला येऊन घेऊन जा’ म्हणून फोन करतं. वाडी-वस्तीसाठी आमचं मत बिनशर्त स्पीड पोस्टच्या बाजूने.

शहरात कागदपत्रांसाठी ती पहिली निवड. वाढदिवसाची भेट किंवा तारखेला पोचायलाच हवा असा अर्ज असेल तर किमान चार दिवस आधी टाका.

आणि ‘पत्ता अपूर्ण असल्याने पाकीट अडकलं आहे, लिंकवर दुरुस्त करा’ असा एसएमएस आला तर तो उघडू नका. टपाल खातं असे संदेश पाठवत नाही. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकनेही तो बनावट असल्याचं सांगितलं आहे. खरं पाकीट अडकलं असेल तर पावतीवरचा नंबर संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा.