साम्रदचा मुक्काम आणि सांदण दरी : तीन ऋतूंनंतरचे मत

सांदण दरीत उतरायचे तर कोणाबरोबर जावे, असे मला हल्ली बरेच जण विचारतात. दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या ऋतूंत साम्रद गावातील एकाच घरी मुक्काम करून झाल्यामुळे त्याचे उत्तर देण्याइतपत अनुभव गाठीशी आहे. साम्रद हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले, अगदी घाटमाथ्याच्या कडेचे गाव. एका बाजूला रतनगड, दुसरीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले, पुढे आजोबाचा डोंगर, आणि गावापासून थोडेसे चालले की काळ्या कातळाला उभी चीर पडावी तशी ही घळ. हा सगळा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वाटेवरच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे लागते; ते मुक्कामाच्या दरात धरलेले नसते, हे आधीच लक्षात घ्यावे.

पहिल्यांदा जानेवारीत गेलो, तेव्हा दरी पूर्ण उतरून खालच्या टप्प्यात मुक्काम करण्याचा बेत होता. यजमानांच्या मुलाने सकाळी अंगणात घोंगडी पसरून त्यावर हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आणि दोराची वेटोळी मांडली आणि आम्हा आठही जणांना प्रत्येक बकल स्वतः लावून पुन्हा सोडायला लावले. एका हेल्मेटचा पट्टा उसवून तिथे सुतळी बांधलेली होती. ते मी दाखवताच त्याने काही न बोलता ते बाजूला टाकून घरातून दुसरे आणले. मात्र ते मुळात मांडायलाच नको होते, एवढी तक्रार नोंदवतो. बाकी दोर चांगल्या स्थितीत होते, आणि मुख्य दोराखेरीज सुरक्षेचा दुसरा दोर प्रत्येकाला लावला गेला.

दरीत शिरल्यावर काही ठिकाणी दोन-तीन माणसे शेजारीशेजारी उभी राहतील एवढीच रुंदी उरते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या उंच जातात की भर दुपारीही तळाशी सावलीच असते. वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला आम्हाला गुडघ्याच्या वर, तर दुसरा कमरेच्याही वर लागला, आणि जानेवारीतल्या त्या पाण्याच्या गारठ्याने बोलणेच खुंटले. पाठपिशव्या डोक्यावर घेऊन गावची दोन पोरे आमच्याआधी पलीकडे पोहोचली होती. त्यानंतर मोठाल्या धोंड्यांवरून उड्या मारत गेल्यावर सुमारे ४५ फुटांचा पहिला कातळटप्पा येतो, जो दोरावरून उतरावा लागतो; पुढचे टप्पे त्याहून लहान आहेत. एकदा हा टप्पा उतरलात की आल्या वाटेने परतण्याचा विचार सोडावा. मग एकतर करोली घाटाने चढून साम्रदला यायचे किंवा खाली कोकणात डेहणे गाव गाठायचे. ज्यांना एवढी दमछाक नको असेल त्यांनी टप्प्याच्या माथ्यावरूनच मागे फिरावे, त्यात कमीपणा काही नाही.

त्याच दिवशी शहरातल्या एका आयोजकाचा पन्नासेक जणांचा गट आमच्यापुढे होता आणि त्यांच्याकडे या टप्प्यासाठी एकच दोर होता. त्यामुळे आम्ही दोन तास ओल्या कपड्यांनिशी दगडावर बसून काढले. जाहिरातीत दर कमी दिसतो तो अशा गर्दीमुळे, म्हणून नोंदणी करण्यापूर्वी गटात माणसे किती आणि दोर किती, हे दोन प्रश्न विचारावेत. आमच्या यजमानांचा दर त्याहून थोडा जास्त होता, पण ते एका खेपेला बाराहून अधिक माणसे नेत नाहीत.

दुसरी खेप मेअखेरीस काजव्यांसाठी केली. पहिला पाऊस शिंतडण्याच्या सुमारास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. हा नरांनी मादीला दिलेला संकेत असतो, आणि मोटारींच्या प्रखर दिव्यांनी त्यात व्यत्यय येतो. यजमानांनी गाडी घरापाशीच ठेवायला लावली, विजेरीवर लाल कागद गुंडाळायला दिला आणि अर्धा तास चालवत नेले. दुर्दैवाने शेजारच्या माळावरच्या तंबूंमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी वाजत होती, ज्याला आमचे यजमान जबाबदार नव्हते, पण शांतता शोधत येणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळलेला बरा.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर तांदळाची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि इंद्रायणीचा भात तिन्ही वेळा गरम आणि पोटभर मिळाला. अंथरूण स्वच्छ होते. स्वच्छतागृह मात्र घराबाहेर आणि सर्वांना मिळून एकच आहे.

तिसऱ्यांदा ऑगस्टमध्ये गेलो तो मुळात हटवादीपणा होता. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा जिल्ह्यात सर्वाधिक पावसाचा, आणि वरच्या सड्यावरचे सगळे पाणी याच घळीतून कोकणात कोसळते. निदान तोंडापासून थोडे आत तरी जाऊ, असा आग्रह मी धरल्यावर यजमान चुलीपुढून न उठताच म्हणाले, "नाही न्यायचो मी. वर रतनगडावर ढग उतरलाय, खाली कधी लोंढा येईल त्याचा नेम नाही." दरीचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत, त्याऐवजी रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या दगडी मंदिरात नेले, जिथे पुष्करणी काठोकाठ भरली होती, आणि परतीच्या वाटेवर भंडारदऱ्याच्या १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणातून सुटणारे पाणी दाखवले.

गावात फोनची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे आठवडाभर आधी बोलून ठेवावे लागते. निघताना मी पुढच्या जानेवारीसाठी सहा जणांचे सांगून ठेवले. यजमान मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पेन्सिलीने तारखेला गोल केला आणि त्याच्या शेजारी लिहिले, "पाणी बघून."