उंची मोजली संध्याकाळी, वाढली सकाळी

चौदा हजार चारशे रुपये. रोख दिले, एकरकमी दिले, पावती मागायचंही सुचलं नाही. आणि मी बी.एस्सी. झालेला माणूस आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

मुलगा तेव्हा नववीत होता. चौदा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते, उंची १४५ सेंटिमीटर. बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरे झालेले. आमच्याकडे यानं फोन उचलला की पलीकडून हमखास, "बाळ, आईला दे जरा." त्यानं फोन उचलणंच बंद केलं. मग कबड्डी सुटली, कारण सगळ्यांसमोर कपडे बदलावे लागत. मला वाटलं, पोरगं अभ्यासाला लागलं.

तेवढ्यात पेपरातून एक पत्रक आलं. एका लॉजच्या हॉलमध्ये उंची आणि शारीरिक विकासाचं 'शिबिर', वेळ संध्याकाळी सात. भिंतीला टेप चिकटवलेली, पांढरा कोट घातलेला गोड बोलणारा माणूस. त्यानं मला काही विचारलंच नाही. थेट पोराला म्हणाला, "मित्र पुढं गेले, तू मागं राहिलास ना?" पोराचे डोळे भरून आले. सौदा खरं तर तिथंच झाला. पुढचं वाक्य माझ्यासाठी होतं: "सोळाव्याला हाडं बंद होतात. आत्ता नाही तर कधीच नाही." तीन महिन्यांच्या पावडरीचे डबे घेऊन आम्ही घरी आलो. डब्यावर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना परवाना क्रमांक.

महिन्यानं मोजायला बोलावलं ते रविवारी सकाळी सातला, 'उपाशीपोटी'. दीड सेंटिमीटर वाढ! आम्ही येताना पेढे आणले. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि दिवसभराच्या भारानं पुन्हा दबतात, त्यामुळे कुणाचीही उंची सकाळी सेंटिमीटरभर जास्त भरते, हे मला नंतर कळलं. उपाशीपोटीचं कलम फक्त आम्ही उठल्या उठल्या यावं म्हणून होतं. या युक्तीला मात्र दाद द्यावीशी वाटते.

दरम्यान पोराची भूक सुटली. दहा आठवड्यांत वजन सहा किलोंनी वाढलं, चेहरा गोल गरगरीत झाला. सगळे म्हणाले, अंगी लागतंय. फक्त माझी आई म्हणाली, "गाल भरले रे, पण पँट काही आखूड होईना."

तिच्याच बोलण्यानं आम्ही मुलांच्या हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. मी पावडर त्याच दिवशी बंद करणार होतो. त्यांनी आधी तेच अडवलं. असल्या पावडरींमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं भूक वाढते, चेहरा सुजतो, आणि उंची उलट खुंटते. शिवाय बाहेरून आयतं मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं आखडतं, म्हणून ते एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, खरोखरच कमी निघालं. मग मोजून औषध देत, हळूहळू कमी करत त्याला त्यातून बाहेर काढलं. त्यात चार महिने गेले. तुमच्या घरात असला डबा असेल तर तो घेऊनच डॉक्टर गाठा.

मूळ तक्रारीचं उत्तर मात्र अर्ध्या तासात मिळालं. डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढला. पोराचं वय साडेचौदा, हाडांचं वय साडेबारा. म्हणजे वाढायला दोन वर्षं जास्त शिल्लक. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयात येण्याची सुरुवात झालीच आहे. मुलांमध्ये आधी वृषणांचा आकार वाढतो. उंचीची उडी, आवाज, मिशी हे सगळं नंतर येतं. साधारणपणे मुलांमध्ये ही सुरुवात नऊ ते चौदा आणि मुलींमध्ये आठ ते तेरा या वर्षांत कधीही होते. चौदापर्यंत मुलात किंवा तेरापर्यंत मुलीत काहीच खूण नसेल, पंधरा झाली तरी पाळी आली नसेल, किंवा वर्षाला चार सेंटिमीटरही उंची वाढत नसेल, तर तपासणी करावी. थायरॉइड, रक्त कमी असणं, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार, हे बघून घेतात. बहुतेक मुलांमध्ये कारण एकच निघतं, घराण्याचं घड्याळ.

"तुम्ही कधी वाढलात?" त्यांनी मला विचारलं. आठवेना. बाहेर येऊन आईला फोन लावला. "दहावीच्या फोटोत पहिल्या ओळीत मांडी घालून बसलायस की! बारावीच्या वर्षी तुझ्या पँटींची दुमड उसवून उसवून माझी बोटं दुखली." माझंच पोरपण, आणि मी साफ विसरलो होतो. हे पोराला वर्षभर आधी सांगितलं असतं तर तो त्या टेपसमोर उभा राहिलाच नसता.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करणं हाच १९५४च्या कायद्यानं गुन्हा आहे, म्हणजे ते पत्रक पेपरातून पडलं तेव्हाच तक्रार करता आली असती. आम्ही उशिरा का होईना, अन्न व औषध प्रशासनाकडे केली, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंदवली. पैसे आलेले नाहीत.

आता दर तीन महिन्यांनी, संध्याकाळी सातलाच, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारतो. जूनमध्ये गणवेश शिवताना आईनं शिंप्याला तीन इंच दुमड ठेवायला लावली. जानेवारीत ती पहिल्यांदा उसवली.