गावच्या ऐंशी घरांचा विमा: बँकेतून, पोस्टातून की बचत गटातून?

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने गावातल्या सगळ्या घरांना विमा मिळवून द्यायचं ठरवलं, की योजना कोणती यावर फार वाद होत नाही. परवडणाऱ्या योजना मोजक्याच आहेत. खरा प्रश्न असतो तो काढायचा कोणामार्फत. बँक, पोस्ट, सेवा केंद्र, बचत गट, एजंट, सगळेच 'आमच्याकडे या' म्हणतात आणि हप्ता घ्यायला सगळेच तयार असतात. निवड करताना आम्ही एकच गोष्ट आधी बघतो: माणूस गेल्यावर त्या घरी जाऊन दाव्याचे कागद कोण गोळा करणार?

हिशोबासाठी कोकणातली ८० घरांची वाडी धरू, घरटी दोन प्रौढ. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता माणशी वर्षाला २० रुपये, म्हणजे १६० जणांचे ३,२०० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. वय १८ ते ७०. जीवनज्योती विमा योजनेचे माणशी ४३६ रुपये. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख. पण नाव नोंदवायला वय १८ ते ५० लागतं, आणि चालू ठेवल्यास संरक्षण ५५ पर्यंत. सगळे १६० जण बसले तर ६९,७६० रुपये होतील, पण ते बसणार नाहीत. तरणी माणसं मुंबईत, वाडीत म्हातारेच जास्त. म्हणून एकाच मार्गाने सगळं गाव झाकलं जात नाही.

बँक आणि पोस्ट

बँकेची जमेची बाजू म्हणजे खातं आधीच असतं आणि हप्ता आपोआप कापला जातो. एकदा संमतीचा फॉर्म दिला की दर मे महिन्याच्या अखेरीस पैसे वळते होतात आणि १ जून ते ३१ मे असं संरक्षण मिळतं. नेमकं इथेच बिघडतं. त्या आठवड्यात खात्यात दोन्ही योजनांचे मिळून ४५६ रुपये नसतील, तर विमा गुपचूप बंद होतो. घरी कोणी सांगायला येत नाही. संयुक्त खात्यात नवरा-बायको दोघांचा विमा असेल तर ९१२ लागतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बंद पडलेली जीवनज्योती पुन्हा सुरू केली की पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला भरपाई नाही.

चाकरमान्यांच्या दृष्टीने ही तारीख सोयीची आहे. आंब्याच्या दिवसांत अर्धी मुंबई गावाला असतेच. २० मेपर्यंत घरोघरी पासबुकं बघून कमी असेल तिथे भर घालावी, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून हप्ता कापल्याची नोंद तपासावी. मे हुकला तर गणपतीत नोंदवता येतं. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जीवनज्योतीचा पहिला हप्ता ३४२ रुपये पडतो, ऑगस्टमध्येच नोंदवलं तर पूर्ण ४३६. एकाच माणसाचा विमा दोन बँकांत काढण्यात अर्थ नाही. पैसे २ लाखच मिळतात, दुसरा हप्ता बुडतो.

दाव्याच्या वेळी बँक थंड का असते, याचं उत्तर हप्त्याच्या वाटणीत आहे. २० रुपयांतला १ रुपया मध्यस्थाला आणि १ रुपया बँकेला मिळतो. एवढ्यावर शाखेतून कोणी वाडीवर येईल अशी अपेक्षा करणंच चूक. कागद आपणच न्यायचे, आणि अपघाताच्या दाव्यात कागदच घात करतात. नारळ-आंब्यावरून पडणं, विहिरीत वा खाडीत बुडणं, सर्पदंश ही कोकणातली नेहमीची कारणं. रस्ता अपघातात किंवा बुडून मृत्यू झाला तर पोलिसात नोंद आणि शवविच्छेदन हवं. साप चावला किंवा झाडावरून पडला तर लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद हवी. भगताकडे नेऊन मग परस्पर अंत्यविधी उरकला, तर हप्ता वेळेवर भरलेला असूनही सिद्ध काहीच करता येत नाही. सुरक्षा विम्याचा दावा अपघातापासून ३० दिवसांत बँकेत द्यावा, असं योजनेचे नियम सांगतात. दिवसकार्य आटोपेपर्यंत त्यातले दोन आठवडे गेलेले असतात.

पोस्टाचं उलटं आहे. याच दोन्ही योजना पोस्टातल्या खात्यावरही मिळतात, पण मोठा फरक म्हणजे डाकसेवक दारात येतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत खासगी कंपन्यांचे १० लाखांपर्यंतचे आणि त्याहून मोठे गट-अपघात विमेही विकले जातात. खातं पेमेंट्स बँकेत लागतं. नोंदणी मोबाईल आणि बोटाच्या ठशावर होते. अडचण ठशाचीच. शेतात आणि चिऱ्याच्या खाणीत राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. मग ओटीपी मागितला जातो, आणि आधारला जोडलेला नंबर असतो मुंबईतल्या मुलाचा! डाकसेवक कोणत्या दिवशी येणार ते आधी ठरवून मुलाने तेव्हा फोन जवळ ठेवला, तर काम एका फेरीत होतं.

पन्नाशी उलटलेल्यांसाठी पोस्टाकडे आणखी एक गोष्ट आहे. ग्रामीण डाक जीवन विमा १९९५ पासून चालू आहे, त्यात वयाच्या ५५ पर्यंत घेतात आणि विमा रक्कम १०,००० पासून १० लाखांपर्यंत असते. हा बचतीचा विमा आहे, हप्ता त्यामुळे जड. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी घेतला तर आणखीच जड. मंडळाच्या निधीतून तो भरू नये, ज्याचा त्याने ठरवावा.

आमचा कौल असा: ५० च्या आतल्यांना बँक, वरच्यांना पोस्ट. मात्र ज्या वाडीत डाकसेवकाची जागा रिकामी आहे, तिथे पोस्टाचा सगळा फायदा संपतो.

बचत गट आणि सेवा केंद्र

बचत गटाची ताकद अशी, की कोणाच्या घरी काय घडलं ते महिन्याच्या बैठकीत कळतंच. उमेदच्या, म्हणजे राज्य सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या, गटांतल्या बँक सखीला (गटाची बँकेतली कामं बघणारी बाई) शाखेतले लोक ओळखतात, फॉर्म भरायची तिला सवय असते. डिसेंबर २०२४ मध्ये एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली. त्यात दहावी पास बाईला पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये विद्यावेतन, पुढे ६,००० आणि ५,०००. पण तिला एलआयसीच्या पॉलिसी विकायच्या असतात, त्यामुळे २० रुपयांच्या विम्यासाठी ती वेळ काढेल का, हे थेट विचारून घ्यावं.

बचत गट आणि मायक्रोफायनान्स (छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या) यात मात्र गल्लत नको. मायक्रोफायनान्सच्या कर्जासोबतचा विमा बहुधा कर्जाचा असतो. माणूस गेल्यावर आधी बाकी कर्ज वळतं होतं, उरलं तर वारसाला. कर्ज फिटलं की विमाही संपतो. घरच्यांना वाटत असतं, आपला विमा आहे. कर्ज घेतलेल्या वहिनींना एवढंच विचारा: कर्जाचा शेवटचा हप्ता फेडल्यावर विम्याचं कार्ड चालू राहणार का?

सेवा केंद्रात विम्याची यादी सर्वात लांब, पण कागद हातात येईलच असं नाही. केंद्रचालक घाईत स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, पॉलिसीची पीडीएफ त्याच्याच संगणकात राहते आणि नूतनीकरणाचा मेसेजही त्यालाच जातो. आपला नंबर टाकून घ्या, छापील प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. पीक विम्यासाठी हा मार्ग ठीक आहे. अर्ज भरण्याचे पैसे केंद्राला विमा कंपनी देते, शेतकऱ्याने वेगळे द्यायचे नसतात. एक रुपयात पीक विमा खरीप २०२५ पासून बंद झालाय, हे मात्र गावी सांगून ठेवा.

एजंटबद्दल थोडक्यात. लहान विम्यात त्याला काही सुटत नाही, म्हणून तो बचतीच्या पॉलिसीकडे वळवतो. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्त्याअभावी बंद पडते. घेतलीच आणि पटली नाही, तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. रोख पैसे पावतीशिवाय कोणालाच देऊ नयेत, एजंट भावकीतला असला तरी.

ज्याला हप्ताच लागत नाही

सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, घरातल्या आणखी एकालाही ती लागू होते. वय १० ते ७५. पूर्वी हे विमा कंपन्यांमार्फत चालायचं. दावे रखडू लागल्याने सरकारने २०२३ मध्ये कंपन्यांना बाजूला करून काम तालुका कृषी अधिकाऱ्याकडे दिलं. अर्ज ३० दिवसांत तिथेच. आजारपणासाठी रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना ५ लाखांपर्यंत आहे, सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान कार्ड वेगळं काढता येतं. गावचे पेशंट शेवटी केईएम किंवा जे. जे.लाच येतात, तेव्हा कार्ड आधी काढलेलं असावं. त्यावर मंडळाचा खर्च शून्य.

मंडळाने हप्त्याचे पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करू नयेत, ज्याच्या-त्याच्या खात्यात भर घालावी. मंडळाच्या नावाने गट पॉलिसी घेता येते, पण निव्वळ विम्यासाठी जमवलेला गट नियमात बसत नाही आणि सभासदाकडून हप्त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. जुना मयत फंड असेल तर तो मदत म्हणूनच चालवा. ठराविक वर्गणीच्या बदल्यात ठराविक रकमेचं वचन दिलं की तो विनापरवाना विमा व्यवसाय ठरतो. वहीत प्रत्येक घरासमोर खातं कुठे, वारस कोण, वारसाचं आधारवरचं नाव काय आणि मुंबईत फोन कोणाला, एवढं लिहून एक प्रत गटाच्या सचिवाकडे, एक मुंबईत ठेवा. पासबुकात 'सुनंदा' आणि आधारवर 'सुनंदाबाई' असेल, तर ते आताच दुरुस्त करून घ्या. दाव्याच्या वेळी प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला दोन खेपा पडतात.